नादाम: खेळ तेच, निमित्त वेगळं

मंगोलियाचा इतिहास वाचायला घेतला तो चंगीझखानासाठी, आणि रमले मात्र नादाममध्ये! नादाम म्हणजे शब्दशः 'खेळ'. दरवर्षी ११ जुलैला उलानबातरमध्ये हा उत्सव सुरू होतो: कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी. जुनं नाव 'पुरुषांचे तीन खेळ'. आता मात्र तिरंदाजीत बायका असतात, शर्यतीत मुलीही घोडे पळवतात. कुस्ती तेवढी अजून पुरुषांचीच.

हे खेळ किती जुने? चंगीझखानाचा पुतण्या येसुंगे याने ३३५ वाव लांब बाण मारला, तर तेही दगडावर कोरून ठेवलंय! साधारण १२२५ सालचा तो शिलालेख आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

पुढे सतराव्या शतकापासून हेच खेळ तिथल्या सर्वोच्च लामाच्या सन्मानार्थ होऊ लागले. १९२१ मध्ये क्रांती झाली आणि नादाम क्रांतीचा वाढदिवस झाला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस शेकडो मठ पाडले गेले, हजारो लामा मारले गेले. चंगीझखानाचं कौतुकही महागात पडायचं. १९६२ मध्ये त्याची आठशेवी जयंती साजरी करण्यात पुढाकार घेणाऱ्या तोमोर-ओचिर या बड्या नेत्याला पद गमवावं लागलं. १९९० मध्ये लोकशाही आली. आता उद्घाटनाला चंगीझखानाच्या परंपरेतले, घोड्यांच्या पांढऱ्या केसांचे नऊ ध्वज वाजतगाजत मैदानात येतात. तारीख मात्र क्रांतीचीच!

मग हा उत्सव नक्की कुणाचा? लामांचा, क्रांतीचा की चंगीझखानाचा? मला वाटतं, प्रत्येक राजवटीने त्यावर आपलं नाव लावलं, पण खेळ मोडायची हिंमत कुणाला झाली नाही. कारण ते गवताळ रानात राहणाऱ्या माणसांच्या रोजच्या जगण्यातून आलेले आहेत.

याचा पुरावा मला शर्यतीत सापडला. पहिल्या पाच घोड्यांचं कौतुक होतं, ते साहजिकच. पण दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत सगळ्यात शेवटी येणाऱ्यालाही मान असतो. त्याला म्हणतात 'बयान खोदोद', म्हणजे भरल्या पोटाचा. त्याच्यासाठी खास गाणं म्हणतात: पुढच्या वर्षी तू पहिला येशील!

हे गाणं कुठल्याही सरकारी फर्मानातून आलेलं नसणार. शिंगरू पाळणाऱ्यालाच ते सुचावं, नाही का?