ग्रँट वैद्यक विद्यालयाची पहिली पिढी

मुंबईच्या ग्रँट वैद्यक विद्यालयाचा उल्लेख आमच्या इतिहासग्रंथांत बहुधा एका ओळींत आटोपलेला आढळतो. इंग्रजांनीं पाश्चात्त्य वैद्यक येथें आणिलें, एतद्देशीयांनीं तें घेतलें, एवढाच त्याचा आशय असतो. या समजुतींत अर्धें सत्य आहे. ज्यांनीं तें वैद्यक घेतलें त्यांनीं पुढें काय केलें, हें पाहिल्यावांचून राहिलेलें अर्धें हातीं येत नाहीं. तेंच प्रस्तुत लेखांत आम्हांस पाहावयाचें आहे.

मुंबईंत वैद्यक शिकविण्याचा पहिला सरकारी यत्न इ. स. १८२६ चा. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालील त्या शाळेंत देशी भाषांतून शिक्षण दिलें जाई व त्याकरितां मराठींत भाषांतरेंही करविलीं होतीं. ती शाळा १८३२ त बंद पडली. पुढें गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनीं विद्यालयाची कल्पना पुन्हां उचलली. पण ९ जुलै १८३८ रोजीं पुण्याजवळ दापोडी येथें त्यांचें निधन झालें. मुंबईकरांनीं त्यांच्या स्मारकार्थ वर्गणी जमविली. इकडे जमशेटजी जीजीभाई यांनीं, सरकारनें तेवढीच रक्कम घालावी या अटीवर, रुग्णालयासाठीं एक लक्ष रुपये देऊं केले. १८४५ त भायखळ्यास रुग्णालय व विद्यालय शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं. विद्यालयाचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा कटाक्ष असा कीं, विद्यार्थ्यानें रोग पुस्तकांत नव्हे, रुग्णाच्या खाटेजवळ पाहावा. या शिस्तीचें फळ पुढें दिसेल.

१८५१ त पहिली तुकडी बाहेर पडली. मुंबई विद्यापीठ १८५७ चें. तेव्हां या मंडळींस विद्यालयाचीच 'ग्रॅज्युएट' ही पदवी मिळाली. त्यांत भाऊ दाजी होते, आत्माराम पांडुरंग होते, गोमंतकीय जुझे कामिल लिस्बोआ होते. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें १८६७ त प्रार्थनासमाज स्थापन झाला. लिस्बोआ वैद्यकी करीत असतांच वनस्पतिशास्त्राकडे वळले. मुंबई इलाख्यांतील उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८८६ चा आहे. १८८३ त मुंबईंत सृष्टिविज्ञानाच्या अभ्यासाकरितां जी संस्था निघाली, तिच्या आठ संस्थापकांत एतद्देशीय दोनच, आत्माराम पांडुरंग व सखाराम अर्जुन. आणि दोघेही याच विद्यालयाचे.

सखाराम अर्जुन यांचें नांव आम्हांस आणखी एका कारणानें महत्त्वाचें वाटतें. १८६१ त विद्यालयांत देशी भाषांतून शिकविण्याचे वर्ग निघाले, परंतु पुस्तकांवांचून वर्ग पांगळा. सखाराम अर्जुन यांनीं १८६९ त मराठींत वैद्यकावर ग्रंथ लिहिला, व १८७९ त मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधींची सूची सिद्ध केली. पाश्चात्त्य शास्त्र मराठींत आणणें आणि देशी औषधी त्या शास्त्राच्या कसोटीस लावणें, हीं दोन्हीं कामें एकाच माणसानें केलीं. आज महाराष्ट्रांत वैद्यकाचें उच्च शिक्षण मुख्यतः इंग्रजींतूनच चालतें, हें ध्यानीं घेतां त्या श्रमाची किंमत अधिकच कळून येते.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकांवर खरें ऋण आहे तें भाऊ दाजींचें. गिऱ्हाइकांच्या गर्दींतून व नारायण दाजी या बंधूंसह चालविलेल्या धर्मार्थ दवाखान्यांतून वेळ काढून त्यांनीं शिलालेख, ताम्रपट व नाणीं यांचा व्यासंग केला. अजिंठ्याच्या लेखांचें वाचन, कालिदासाचा व आर्यभटाचा कालनिर्णय, हे त्यांचे निबंध १८६० च्या सुमारापासून पुढील पांचसहा वर्षांत प्रसिद्ध झाले. भगवानलाल इंद्रजी यांस पदरीं घेऊन त्यांनीं दूरदूरच्या लेखांचे ठसे स्वखर्चानें आणविले. दुसऱ्याच्या नकलेवर विसंबावयाचें नाहीं, मूळ लेख डोळ्यांखालून घालावयाचा, ही त्यांची रीत. खाटेजवळ शिकलेल्या वैद्याचीच ही संवय असावी, असें आमचें अनुमान आहे. तें कोणी अन्यथा सिद्ध केल्यास आम्ही सोडून देऊं.

त्यांच्या थोरवीबरोबर एक उणीवही नमूद करणें प्राप्त आहे. कुष्ठरोगावर कडू कवठाच्या तेलाचे प्रयोग त्यांनीं आस्थेनें केले, पण ते पूर्णत्वास नेऊन सविस्तर जगापुढें मांडण्यापूर्वींच १८७४ त त्यांचें देहावसान झालें. त्याच जातीच्या झाडांचीं तेलें पुढें सल्फोन औषधें येईपर्यंत अनेक वर्षें कुष्ठावर वापरांत होतीं. जें संशोधन वेळेवर प्रसिद्ध होत नाहीं त्याचें श्रेय तर जातेंच. पण त्याची परीक्षा करण्याची संधिही इतरांस मिळत नाहीं. इतिहाससंशोधकांनींही हा धडा घ्यावा.

या परंपरेची कठीण परीक्षा १८९६ त झाली. सप्टेंबरांत मांडवीच्या वस्तींत ग्रंथिक सन्निपाताचे रोगी प्रथम ओळखले ते डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं. तेही याच विद्यालयाचे. ऑक्टोबरांत हाफकिन मुंबईस आले. विद्यालयाच्याच प्रयोगशाळेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत तिचा प्रयोग झाला. हाफकिन परके खरे. पण रोग ओळखणारी दृष्टि त्या भिंतींच्या आंत आधींच तयार झालेली होती.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादितच आहे. विद्यालय सरकारच्या सोयीसाठीं निघालें, तेथील ज्ञान परभाषेंतून आलें, या गोष्टी नाकारतां येत नाहींत. परंतु तें घेणारे केवळ उसनवारी करणारे नव्हते. त्यांनीं वनस्पती पारखल्या, ग्रंथ लिहिले, शिलालेख वाचले, आणि सांथींत रोग्यांच्या उशाशीं उभे राहिले. आमचे थोर पुरुष वर्णितांना त्यांच्या वैद्यकीस आम्ही केवळ उपजीविकेचें साधन समजत आलों. ती त्यांच्या संशोधनाची शाळा होती, असें यापुढें तरी समजलें जावें. या मंडळींच्या घराण्यांत रोगनोंदी, पत्रें वा टिपणें जपलेलीं असल्यास तीं कसरीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं अभ्यासकांच्या हातीं पडोत, एवढीच आमची विनंति आहे.