पन्नास रुपयांचं मूल: पोटगीचा आकडा ठरतो कसा?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी विचारलाय. आई-बाबा वेगळे झाले, तर मुलाच्या खर्चाचा आकडा कोर्ट कुठून आणतं? मी शोधायला बसलो आणि थेट 1861 मध्ये पोचलो.

त्या वर्षी इंग्रजांनी फौजदारी प्रक्रिया संहिता आणली. तिच्यात एक कलम होतं: ऐपत असून बाप मुलाला पोसत नसेल, तर मॅजिस्ट्रेट त्याला दरमहा पैसे द्यायला लावेल. मूल लग्नाचं असो वा लग्नाबाहेरचं. ऐकायला छान वाटतं. पण पोटगी फौजदारी कायद्यात कशाला? कारण सरकारला चिंता होती ती उपाशी माणसं रस्त्यावर येण्याची, त्यातून भटकेगिरी आणि गुन्हे वाढण्याची. मुलाचं शिक्षण, त्याची हौसमौज हा विषयच नव्हता. म्हणून कमाल मर्यादाही ठरली: महिना 50 रुपये.

पुढे 1923 मध्ये ती 100 झाली, 1955 मध्ये 500. नंतर 1973 चा नवा कायदा आला, प्रसिद्ध कलम 125 आलं, पण आकडा तोच, 500! बापाचा पगार कितीही असो, या कलमाखाली त्यापुढे जाता येत नव्हतं.

त्यात आणखी एक मेख होती. कायद्यात लिहिलं होतं, ‘एकूण’ 500. म्हणजे आई आणि सगळ्या मुलांना मिळून? 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासमोर हाच वाद आला. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ‘एकूण’ म्हणजे एका माणसाचे सगळे खर्च मिळून; अख्ख्या कुटुंबाचे नव्हे. एका शब्दाच्या अर्थानं प्रत्येक मुलाचा हिशेब वेगळा झाला. मला हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो.

500 ची मर्यादा शेवटी 2001 मध्ये गेली. 1955 ते 2001, म्हणजे 46 वर्षं! मग मर्यादा नाही, तर आकडा ठरवायचा कसा?

2000 सालच्या एका निकालात त्याची पद्धत दिसते. आई-वडील दोघंही कमावते, मुलं आईकडे. सुप्रीम कोर्टानं आधी मुलाची गरज काढली: प्रत्येकी महिना 3,000. मग ती दोघांच्या कमाईच्या अंदाजानं 2:1 अशी वाटली, म्हणजे बापाचा वाटा 2,000. लक्षात घ्या, आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, आणि आईवरही जबाबदारी असतेच.

आपल्याकडे पगाराच्या अमुक टक्के असं पक्कं सूत्र कायद्यात नाही. कोर्ट मुलाचं वय, शाळेची फी, औषधपाणी, आई-वडील एकत्र असताना घरचं राहणीमान आणि दोघांची खरी कमाई पाहतं. अडचण इथेच येते, कारण ‘खरी कमाई’ लपवायची सवय जुनी आहे.

त्यावरचा उतारा आला तो नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या एका प्रकरणातून. 2013 चा अर्ज, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल नोव्हेंबर 2020 चा. म्हणजे अर्जाच्या वेळचं तान्हं बाळ तोवर शाळेत जायला लागलेलं! न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलेल्या त्या निकालानं दोन गोष्टी देशभर लागू केल्या. एक, दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. दोन, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. आधी ती आदेशाच्या तारखेपासूनही धरली जायची, मग तारखा लांबवणाऱ्याचाच फायदा व्हायचा.

1 जुलै 2024 पासून कलम 125 ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 नं घेतलीय. परिस्थिती बदलली, फी वाढली, नोकरी गेली, तर रक्कम बदलून मागता येते.

म्हणून ओळखीत कुणी या फेऱ्यात असेल, तर एवढं सांगा: अर्ज लांबवू नका, आणि शाळेच्या फीच्या पावत्या फेकू नका. कोर्टासमोर मुलाची गरज त्याच मांडतात.

भेटू पुढच्या भागात!