काटा आणि हँडल : मोटारसायकलवरच्या एका जागेचा इतिहास

मोटारसायकलस्वाराचे हात, पाय आणि बैठक यंत्राला जखडलेली असतात. डोळा मात्र रस्त्याचा असतो. त्या डोळ्याने क्षणभर रस्ता सोडून यंत्राकडे पाहावे, यासाठी बसवलेली वस्तू म्हणजे वेगमापक, बोलीभाषेतले 'मीटर'. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे मीटर कुठे बसवले आहे आणि ते पाहण्यासाठी मान किती खाली घालावी लागते, हा प्रश्न निव्वळ देखणेपणाचा नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत या मीटरने अनेकदा जागा बदलली, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या बदलाचा धागा हँडलाशी जुळलेला होता. मीटरची जागा कोणी ठरवायची, कारखान्याने, सरकारने की स्वाराने, हा वाद अजूनही मिटलेला नाही.

वेग आधी, पुरावा नंतर

मोटारसायकलला हँडल सायकलकडून मिळाले. डाइमलर आणि मायबाख यांचे १८८५ मधले लाकडी सांगाड्याचे वाहन असो, की १८९४ पासून म्युनिकमध्ये विक्रीसाठी बनू लागलेली हिल्डेब्रांट-वुल्फम्युलर असो, वेग किती आहे हे दाखवण्याची सोय त्यांच्यावर नव्हती. तशी गरज प्रथम कायद्याने निर्माण केली. ब्रिटनच्या १९०३ च्या मोटार कायद्याने १९०४ पासून ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस दोन खुणांमधले अंतर मोजून हातातल्या घड्याळाने वेग ठरवू लागले. पोलिसांकडे घड्याळ होते, चालकाकडे स्वतःचा असा पुरावाच नव्हता.

तो पुरावा देणारे यंत्र नुकतेच तयार झाले होते. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये भोवरा-विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या वेगमापकाचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी लवचीक केबल मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबकाभोवती धातूची एक वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला रोखते. ही ओढ आणि हा विरोध जिथे समतोल होतात तिथे काटा थांबतो. विजेवर चालणारी मीटरे येईपर्यंत जगातली बहुसंख्य मीटरे याच तत्त्वावर चालली.

या रचनेत मीटरच्या जागेचे उत्तरही दडलेले होते. अनेक गाड्यांत केबल पुढच्या चाकापासून निघे. तिला तीव्र वळण सोसत नाही. दिले तर काटा थरथरतो आणि शेवटी आतली तार तुटते. साहजिकच पुढच्या चाकाच्या सरळ वर, हँडलाच्या आसपास, मीटर बसू लागले. पहिली जागा स्वाराच्या डोळ्यापेक्षा केबलच्या सोयीने ठरली.

टाकीवर की दिव्यात?

बराच काळ मीटर ही वेगळे पैसे देऊन घेण्याची वस्तू होती. ब्रिटनने १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणली आणि १ ऑक्टोबर १९३७ पासून नव्याने नोंद होणाऱ्या वाहनांना वेगमापक सक्तीचे केले. मर्यादा पाळायची तर वेग कळला पाहिजे, हे सरकारने मान्य केले.

मग कारखान्यांनी मीटरला गाडीच्या अंगात सामावून घेतले. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९३६ च्या 'ईएल' गाडीत ते पेट्रोलच्या टाकीवर आणले. दिसायला ते रुबाबदार, पण पाहायला मान चांगलीच खाली घालावी लागे. इंग्लंडमध्ये उलटे घडले. ट्रायम्फने १९४९ च्या गाड्यांत पुढचा दिवा, मीटर आणि इतर काटे एकाच पत्र्याच्या आवरणात बसवले. रॉयल एनफील्डने १९५४ च्या सुमारास 'कास्केट' नावाचा ओतीव भाग आणला. तो नुसते आवरण नव्हता. फोर्कच्या दोन्ही नळ्या वर त्यालाच जोडलेल्या आणि हँडलही त्यावरच आवळलेले.

हीच रचना आपल्याकडे आली. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि बुलेटसोबत कास्केटही भारतीय रस्त्यावर उतरले. इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडल्यानंतरही मद्रासच्या बुलेटवर ते कित्येक दशके टिकले. दोन छोटे पायलट दिवे, मधोमध मीटर, शेजारी ॲमीटर, हा चेहरा आपल्या दोन-तीन पिढ्यांना पाठ आहे.

स्वाराचे बंड

युद्धोत्तर काळात तरुण स्वारांनी कारखान्याची ही मांडणी दोन विरुद्ध दिशांनी मोडली. ब्रिटनमध्ये हँडल खाली गेले. शर्यतीच्या गाड्यांसारख्या दोन आखूड दांड्या थेट फोर्कच्या नळ्यांवर आवळून स्वार टाकीवर ओणवा होऊ लागला. ताशी १०० मैल गाठणे ही त्यांची प्रतिष्ठा होती. म्हणून मीटर टिकले, इतकेच नव्हे तर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाही शेजारी आला. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने दिव्याच्या वर दोन गोल काट्यांची ही जोडी सर्वपरिचित केली.

अमेरिकेत हँडल वर गेले. उंच हँडलाखाली 'रायझर' म्हणजे उंची वाढवणारे ठोकळे आले, आणि अनेक चॉपर गाड्यांवर मीटर उरलेच नाही. १९६९ च्या 'इझी रायडर' चित्रपटाने हे रूप जगभर नेले. त्यातल्या गाड्या घडवणारे क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर मात्र दीर्घकाळ श्रेयाविना राहिले. पुढे कारखान्यानेच या बंडाची नक्कल केली. १९७७ च्या हार्ले 'लो रायडर'वर रायझरवर बसवलेले सपाट हँडल आणि टाकीवर दोन काटे होते. गॅरेजात जन्मलेला बदल शोरूममध्ये आला.

एक इंचाची किंमत

रायझर बसवणे हे बाहेरून चार बोल्टांचे काम वाटते. पण हँडल इंचभर वर गेले की क्लच, ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकच्या केबल किंवा नळीलाही तेवढे अंतर लागते. ढिलाई नसेल तर हँडल पूर्ण वळवताच ॲक्सिलरेटर आपोआप ओढला जाऊन इंजिन गर्जते, किंवा ब्रेकची नळी ताणली जाते. म्हणून जाणता मेस्त्री काम संपल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवून पाहतो.

मीटरचे दोन प्रकार होतात. ते हँडलाच्या पकडीवर असेल तर हँडलाबरोबर वर जाते आणि केबल अपुरी पडते. कास्केटमध्ये असेल तर ते जागेवरच राहते. हात वर जातात, काटा खालीच. आणि जुन्या बुलेटचे कास्केट काढायचे म्हणजे फोर्कचा वरचा आधारच बदलायचा.

मीटर बदलताना आणखी एक अडचण असते. दर मैलाला केबलचे किती फेरे, हा आकडा गाडी आणि मीटर यांत जुळला पाहिजे. स्मिथ कंपनीच्या अनेक ब्रिटिश मीटरांवर १६०० असा आकडा असे. न जुळणारे मीटर लावले की काटा हलतो, पण खोटे बोलतो. अंतराची नोंदही त्याच केबलवर चालत असल्याने तीही खोटी होते. शिवाय नवे मीटर जुन्या गाडीचे वय पुसून टाकते. अमेरिकेने १९७२ च्या कायद्याने अंतराच्या आकड्यात फेरफार करणे गुन्हा ठरवले, ते जुनी गाडी घेणाऱ्याच्या रक्षणासाठी.

कायद्याची नजर

कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याने उंच हँडलाला बंदी केली नाही, मोजमाप दिले : मुठीवरचे हात खांद्याच्या पातळीपेक्षा सहा इंचांहून वर नकोत. माप गाडीचे नाही, बसणाऱ्या माणसाचे आहे, हे त्यातले शहाणपण. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मीटर सक्तीचे केले आणि ते चालकाला वेग दिसेल अशा जागी असावे असे म्हटले. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ वाहनातल्या फेरबदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. कायद्याच्या व्याख्येत फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला, त्याचे मूळ स्वरूप बदलणारा बदल. पाठदुखीमुळे हँडल इंचभर वर घेणे या व्याख्येत बसते का, यावर मतभेद होऊ शकतात. मीटर काढूनच टाकणे कशातही बसत नाही.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. हँडलाची उंची हा स्वाराच्या शरीराचा प्रश्न आहे, आणि कारखाना सरासरी शरीरासाठी गाडी बनवतो. तेव्हा ती उंची बदलावीशी वाटण्यात गैर काही नाही. मीटर मात्र एकट्या स्वाराचे नाही. समोरून चालत येणाऱ्याचा आणि उद्या ती गाडी विकत घेणाऱ्याचाही त्यावर हक्क आहे. म्हणून हात हवे तिथे न्यावेत. काटा मात्र नजरेच्या टप्प्यात आणि खरा राहिला पाहिजे.