रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि पोकळ्याची भाजी

हृदयाची झडप बदलून माणूस मुंबई-नाशिकहून जळगाव-धुळ्याला परतला, की घरात पहिला हुकूम सुटतो: पालेभाजी बंद. रक्त पातळ ठेवणारी असिट्रोम चालू आहे, तेव्हा पोकळा नको, मेथी नको, वरणावरची कोथिंबीरही नको. कुणी केळीही सोडायला लावतं, त्यात ‘के’ असतं म्हणून. सल्ला मायेचा आहे, पण चुकीचा आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक यकृतात तयार होतात. पण व्हिटॅमिन केशिवाय त्यांना कॅल्शियम धरता येत नाही आणि ते निकामी राहतात. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून घेतं. असिट्रोम आणि तिच्याच जातीची वॉरफरिन नेमकी हीच वाट अडवतात. हिरव्या पाल्यात के भरपूर असतं, त्यामुळे एकाएकी भरपूर पाला पोटात गेला तर गोळीचा जोर कमी पडतो, हे खरंच आहे. म्हणून पाला अजिबात नको, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

शरीरातला केचा साठा मुळात तुटपुंजा. खाण्यातून येणं थांबलं की काही दिवसांतच उतरतो. अशा रित्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा, जेवणातल्या किरकोळ फरकानेही वरखाली होतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००७ साली, कारण न सापडता आयएनआर अस्थिर राहणाऱ्या वॉरफरिनच्या रुग्णांना रोज १५० मायक्रोग्रॅम के दिलं. आयएनआर अधिक स्थिर झाला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका फायदा दिसला नाही, म्हणून केच्या गोळ्या घ्या असं मी म्हणणार नाही. पण रोजचं थोडं के घातक असतं, तर हा परिणाम दिसलाच नसता.

शिवाय ही बंदी पाळली तरी कुठे जाते? पालक सोडलेल्या घरातही हिवाळ्यात भरिताची पार्टी होतेच. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यात के नावापुरतं. पण वर मूठ मूठ पडते ती कांद्याची पात आणि कोथिंबीर. शंभर ग्रॅम पातीत सुमारे २०० मायक्रोग्रॅम के असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसाला ५५ ते ६५ पुरतं. तेलाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. शेंगदाणा तेलात के जवळजवळ नाही, सोयाबीन तेलात शंभर ग्रॅमला १८०च्या आसपास. शेवभाजीच्या तर्रीचं तेल बदललं, तरी केचं माप बदलतं. आणि केळ्याला उगाच दोष: शंभर ग्रॅममध्ये अर्धा मायक्रोग्रॅम. केळ्यात भरपूर आहे ते पोटॅशियम. त्याचं रासायनिक चिन्हही ‘के’ असल्यामुळे हा घोळ झाला.

गोळीचा डोस रक्त तपासून ठरतो. आठवड्यातून दोनदा वाटीभर पोकळा ठरलेला असेल, तर डोस त्या पोकळ्यासकट बसवता येतो. धातूच्या झडपेला आजही हीच जुनी औषधं लागतात, नवी चालत नाहीत. म्हणजे गोळी जन्माची. तेवढा जन्म हिरव्या पानाविना काढायला लावणं, त्यातलं फोलेट आणि तंतूही तोडणं, मला अन्यायाचं वाटतं. ज्यांनी वर्षानुवर्षं भाजी सोडली आहे, त्यांनी मात्र उद्याच ताट भरून घेऊ नये. आधी डॉक्टरांना सांगावं, अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, ते प्रमाण टिकवावं आणि ते सांगतील त्या दिवशी आयएनआर पुन्हा तपासून घ्यावा.