आटाकामाचे पाणी, मोटारीची बॅटरी

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या लिथियमचा एक प्रमुख स्रोत म्हणजे उत्तर चिलीतील ‘सालार दे आटाकामा’ हे विस्तीर्ण क्षारपठार होय. ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर, जगातील अत्यंत कोरड्या वाळवंटात आहे. येथे भूगर्भातील खारे पाणी उपसून उथळ तलावांत वर्षभराहून अधिक काळ उन्हात आटवितात. उरलेल्या दाट द्रावणातून लिथियम कार्बोनेट मिळते. पाण्याची मात्र वाफ होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथील रोहित पक्ष्यांच्या तीनपैकी दोन जातींच्या घटीचा संबंध या उत्खननाशी आढळला. लिकानान्ताय या मूळ रहिवाशांची शेती व पशुपालनही याच खोऱ्यातील पाण्यावर अवलंबून आहे. शहरांची हवा निर्मळ करणाऱ्या मोटारीचा हिशेब या पाण्यासह मांडावयास हवा.