चालकाची विजार आणि वाहकाचा जिना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये दुमजली बसवर चालक आणि वाहक अशी दोन माणसे एकाच पाळीत काम करीत, पण त्यांच्या शरीरांना पडणारे श्रम सर्वस्वी भिन्न होते. त्या काळी सर्वत्र धावणाऱ्या ‘आरटी’ बनावटीच्या बसमध्ये 56 आसने असत आणि त्यांपैकी 30 वरच्या मजल्यावर असत. चालक इंजिनाशेजारच्या बंदिस्त अर्ध्या केबिनमध्ये पाळीचा बहुतेक सगळा वेळ बसून काढी, तर गळ्यात तिकीटयंत्र आणि पैशांची पिशवी अडकवलेला वाहक मागच्या उघड्या फलाटावरून जिना चढून वर जाई, तिकिटे फाडी, पुढचा थांबा येण्याआधी खाली उतरे आणि घंटा देऊन पुन्हा वर चढे. अशा तऱ्हेने त्याच्या दिवसभरात 500 ते 750 पायऱ्या होत. वेतन, वस्ती आणि सामाजिक स्थिती या बाबतींत मात्र दोघांत फारसे अंतर नव्हते, आणि म्हणूनच बसवरची ही जोडी वैद्यकीय संशोधनासाठी विलक्षण मोलाची ठरली.

हे मोल ओळखले ते जेरी मॉरिस यांनी. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 1948 मध्ये स्थापन झालेल्या सामाजिक वैद्यक विभागाचे ते प्रमुख होते. लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे 31,000 पुरुष कामगारांच्या आजारांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी त्यांनी तपासल्या व 1953 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन होणारा विकार चालकांच्या तुलनेने वाहकांत कमी आढळतो, आणि झालाच तर तो उशिरा व कमी घातक स्वरूपात होतो. शारीरिक श्रम हृदयाचे रक्षण करतात, हा विचार आज सर्वमान्य असला तरी त्या काळी तो नवा होता आणि त्यावर आक्षेप येणे स्वाभाविक होते. सर्वांत गंभीर आक्षेप असा, की कामामुळे शरीर घडते असे मानण्यापेक्षा मुळात जशी शरीरयष्टी तसे काम माणूस निवडतो असे का मानू नये?

या आक्षेपाची मॉरिस यांनी स्वतःच कसून तपासणी केली, आणि तिच्यासाठी त्यांना साधन मिळाले ते वाहतूक सेवेच्या शिंप्यांकडे. बसकर्मचाऱ्यांना गणवेश सेवेकडून मिळत असल्यामुळे प्रत्येकाच्या कोटाची, उंचीची आणि विजारीच्या कमरेची मापे नोंदलेली होती. कोणत्याही वैद्याने घेतलेली नसल्यामुळेच ही मापे वैद्यकाच्या पूर्वग्रहांपासून मुक्त होती. 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गणवेशांच्या अभ्यासातून असे दिसले, की चालकांच्या विजारी वाहकांच्या विजारींपेक्षा कमरेत रुंद होत्या, आणि हा फरक तरुण वयातही होता. नोकरीची वर्षे सरण्याआधीच जर कंबर रुंद असेल, तर तिचे सगळे श्रेय किंवा दोष चालकाच्या आसनाला देता येत नाही, हे उघड होते. पुढे 1961 मध्ये मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून मृत्यूंची तुलना केली, तेव्हा तिन्ही गटांत चालकांचे अकस्मात मृत्यू वाहकांपेक्षा अधिक आढळले. म्हणजे शरीरयष्टीचा वाटा होता आणि श्रमाचाही होता. स्वतःच्या सिद्धान्ताला बाधक ठरू शकेल असा पुरावा शोधून तो प्रसिद्ध करणारी ही वृत्ती या संपूर्ण इतिहासातील सर्वांत आदरणीय गोष्ट आहे.

त्याच 1956 मध्ये ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीच्या कामगारांचा आहार आणि वजन यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बैठे काम करणारे कारकून आणि दुकानदार जवळजवळ कष्टकरी हमालांइतकेच खात होते, पण त्यांची वजने जास्त होती; म्हणजे येथेही श्रमाचा वाटा दिसत होता.

मूळ शरीरयष्टीचा प्रश्न मात्र बाजूला राहिला, कारण अनुवंशाचा वाटा मोजण्याची रीत हाती नव्हती. ती रीत दत्तक मुलांच्या आणि जुळ्यांच्या अभ्यासांतून विकसित झाली. 1986 मध्ये डेन्मार्कमधील 540 दत्तक व्यक्तींच्या अभ्यासात त्यांच्या वजनाचा संबंध जन्मदात्या आईवडिलांच्या वजनाशी आढळला, वाढवणाऱ्यांशी नाही. क्लॉद बुशार यांनी कॅनडातील क्वेबेक येथे एकबीज जुळ्यांच्या, म्हणजे एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या भावांच्या, 12 जोड्यांना 100 दिवसांपैकी 84 दिवस रोज 1,000 उष्मांक जादा खाऊ घातले. कुणाचे वजन 4 किलोने वाढले तर कुणाचे 13 किलोने, परंतु एकाच जोडीतील भावांची वाढ आणि चरबी साठण्याची जागा एकमेकांशी मिळतीजुळती होती. 1994 मध्ये त्यांनीच 7 जोड्यांकडून 93 दिवसांच्या काळात नियमाने व्यायाम करवून घेतला व आहार मात्र वाढू दिला नाही. त्यात सरासरी 5 किलो वजन घटले, ते जवळजवळ सर्व चरबीचे होते, आणि या घटीतही भावाभावांत साम्य होते. व्यायामाला शरीर किती प्रतिसाद देते, हेही काही अंशी अनुवंशाने ठरते, असा त्याचा अर्थ होता.

दरम्यान वाहकाचा व्यवसाय संपत चालला होता. चालकानेच भाडे घ्यावे अशा बस 1960 नंतर वाढत गेल्या आणि उघड्या फलाटाची शेवटची प्रसिद्ध बस ‘रूटमास्टर’ डिसेंबर 2005 मध्ये नियमित सेवेतून निवृत्त झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2007 मध्ये, सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एफटीओ’ या जनुकाचे एक रूप स्थूलतेशी जोडलेले आढळले. हे रूप आई आणि वडील या दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचे वजन ते मुळीच न मिळालेल्यांपेक्षा सरासरी सुमारे 3 किलो अधिक होते. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर परगण्यातून वेगळे चित्र पुढे आले. तेथे आमिश पंथाचे लोक मोटारी न बाळगता घोडागाड्या वापरतात आणि पुष्कळ जण शेती करतात. शरीराला हालचाल मोजणारे यंत्र लावून 704 जणांची पाहणी केली असता, जे सर्वाधिक हालचाल करीत होते त्यांच्यात या जनुकरूपाचा वजनावर परिणाम जवळजवळ दिसेनासा झाला होता. मात्र त्यासाठी लागणारी हालचाल दिवसाला तीन-चार तासांच्या मध्यम श्रमांइतकी होती. 2011 मध्ये 2,18,166 प्रौढांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, हालचाल करणाऱ्यांत या जनुकरूपाचा स्थूलतेवरील परिणाम 27 टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. लहान मुलांत मात्र असा फरक आढळला नाही. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथील पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासातून 2014 मध्ये असे उघड झाले, की या जनुकरूपाचा आणि उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या निर्देशांकाचा, म्हणजे बीएमआयचा, संबंध 1942 नंतर जन्मलेल्यांतच ठळक होता. जनुके तीच राहिली, पण त्यांचा प्रभाव काळाप्रमाणे बदलला, आणि यंत्रांनी घटवलेले श्रम हे त्याचे एक कारण असावे. ‘शरीर की काम’ असा पर्याय 1956 मध्ये समोर होता, तो मुळातच अपुरा होता.

या इतिहासात पुण्याचाही धागा आहे. 2004 मध्ये पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के होती. युडकिन मॅरॅथॉन धावणारे होते, म्हणून व्यायामाचा वाटा नाकारता येत नव्हता, आणि आईच्या पोटात झालेल्या कुपोषणाचाही संशय होता, कारण पुणे परिसरातील नवजात बाळे वजनाने हलकी असूनही त्यांच्या अंगी चरबी तुलनेने अधिक असते, हे याज्ञिकांच्याच अभ्यासातून दिसले होते. पुढे ‘एफटीओ’चा अभ्यास भारतीयांत झाला, तेव्हा या जनुकरूपाचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ बीएमआयच्या वाढीने पूर्णपणे उलगडत नाही असे आढळले. त्यामुळे युरोपात जुळवलेले श्रम, जनुक आणि चरबी यांचे गणित भारतीय शरीरांना जसेच्या तसे लागू करता येत नाही, आणि ते येथील माणसांच्या मापांवरून, गर्भावस्थेपासून, स्वतंत्रपणे मांडावे लागते.