नादजाती व तिचे आकलन

तारता व तीव्रता समान असूनही ज्या गुणामुळे सतारीचा षड्ज बासरीच्या षड्जाहून वेगळा ओळखू येतो, त्या गुणास नादजाती म्हणतात. हा गुण नादातच असतो, की तो कानात व मेंदूत घडतो, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

कान संमिश्र नादाचे साध्या स्वरकांत पृथक्करण करतो, असे गेओर्ग झिमोन ओम यांनी १८४३ मध्ये प्रतिपादन केले. त्याच्या आधारे हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात, नादजाती ही अधिस्वरकांची संख्या व त्यांची सापेक्ष तीव्रता यांवर अवलंबून असते, असा सिद्धांत मांडला. भारतात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये वीणा व तंबोरा यांचा अभ्यास केला. तार छेडण्याच्या जागेनुसार जे अधिस्वरक उमटू नयेत, तेही वक्र घोडीमुळे उमटतात, असे त्यांना आढळले. जवारीच्या नादसमृद्धीचे कारण यात सापडते.

हेल्महोल्ट्स यांचे विवेचन मुख्यतः स्थिर नादाचे होते. नादाचा आरंभ वगळल्यास परिचित वाद्येही ओळखणे कठीण होते, असे कार्ल श्टुंफ यांनी १९२६ मध्ये निदर्शनास आणले. १९६० नंतरच्या दशकात झां-क्लोद रिसे यांनी संगणकाच्या साहाय्याने ट्रंपेटच्या नादाचे विश्लेषण केले. नादाची तीव्रता वाढते तसे वरचे अधिस्वरक अधिक प्रमाणात वाढतात, हे त्यातून दिसून आले. यावरून नादजातीत कालघटकही तितकाच महत्त्वाचा ठरला.

मेंदूविषयीचा महत्त्वाचा पुरावा शस्त्रक्रियेतून मिळाला. अपस्मारावरील उपचार म्हणून मेंदूचा उजवा शंखखंड अंशतः काढलेल्या रुग्णांची नादजाती ओळखण्याची क्षमता घटते. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर तसे होत नाही, असे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ मध्ये नोंदविले. पुढील संशोधनात मात्र दोन्ही गोलार्धांचा सहभाग दिसून आला आहे. व्हायोलिन व ट्रंपेट वाजविणाऱ्यांच्या मेंदूचा प्रतिसाद आपापल्या वाद्याच्या नादास अधिक प्रबळ असतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. म्हणजे साधनेनेही हे आकलन घडते.

या ज्ञानाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. अंतर्कर्णात बसविलेल्या कृत्रिम श्रवणयंत्रात मोजकेच विद्युत्‌अग्र असल्याने अधिस्वरकांचा सूक्ष्म तपशील मेंदूपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे असे यंत्र वापरणाऱ्या अनेकांना बोलणे समजते, पण वाद्ये ओळखता येत नाहीत. ही उणीव भरून काढणे हे श्रवणविज्ञानापुढील एक प्रमुख कार्य होय.